अधिकचिन्हाची कुळकथा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांच्या डाव्या अंगठ्याला एक काळं बटण नक्की आठवत असेल. गणितातल्या अधिकचिन्हासारखं. तासभर मारिओ पळवला की पेरावर त्याचा वळ उमटायचा. आपल्या बाजारात मिळणारे ते गेम बहुतेक नकली असत. पण ते चिन्ह ज्याची नक्कल होतं, तो अस्सल नमुना जपानमधल्या क्योटोचा.

क्योटोची निन्टेन्डो ही मुळात पत्ते बनवणारी कंपनी, १८८९ सालची. तिथे १९६५ मध्ये गुनपेई योकोई यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागले आणि पुढे खेळणी घडवू लागले. स्वस्त, सगळ्यांच्या सरावाचं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग शोधायचा, ही त्यांची रीत. कॅल्क्युलेटरचा पडदा वापरून त्यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले गेम आणले.

दोन वर्षांनी ‘डाँकी काँग’ खिशात बसवायची वेळ आली. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर हा खेळ दांडा फिरवून खेळत. पण खिशातला गेम होता दोन पडद्यांचा, पुस्तकासारखा मिटणारा. त्यात दांडा उभा केला तर झाकण लागणार कसं? चार दिशांना चार सुटी बटणं दिली, तर अंगठा एकावरून उचलून दुसऱ्यावर न्यायचा आणि तो चुकला की नजर पडद्यावरून खाली. योकोईंनी चारही दिशा एकाच सपाट तुकड्यात जोडल्या. त्याच्या पोटाशी मधोमध एक उंचवटा असतो. त्यावर तो तुकडा सी-सॉसारखा झुकतो. एक टोक दाबलं की समोरचं वर उचललं जातं. म्हणून डावं-उजवं चुकूनही एकदम दाबलं जात नाही. आणि चिन्हाच्या कडांवरूनच अंगठ्याला कळतं, आपण कुठे आहोत. मला या रचनेतलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं: तिने डोळ्यांना मोकळं केलं.

पुढे निन्टेन्डोतलेच मासायुकी उएमुरा घरच्या टीव्हीला जोडायचा ‘फॅमिकॉम’ घडवत होते. तिथेही आधी दांड्याचाच विचार होता. पण मुलं खेळणं जमिनीवर टाकून उठणार, कुणाचा तरी पाय पडणार आणि दांडा मोडणार, ही उएमुरांची काळजी. किती घरगुती आणि किती खरी! मग ‘गेम अँड वॉच’चं चिन्ह नमुन्याला जोडून पाहिलं आणि ते हाताला पटलं. १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आला. त्याच्या पहिल्या खेपेची ए आणि बी बटणं चौकोनी, रबरी होती. ती कोपऱ्यावर दाबली की आतच अडकत, म्हणून लवकरच गोल आणि कडक केली. चिन्हात मात्र असा बदल करावा लागला नाही.

या चिन्हाचं अमेरिकेतलं पेटंट निन्टेन्डोला १९८७ साली मिळालं, म्हणून इतरांनी त्याचं रूप जरा बदलून घेतलं. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावर चिन्ह गोल तबकडीवर उठवलेलं दिसतं. १९९४ च्या प्लेस्टेशनवर वरून चार सुट्या पाकळ्या दिसतात, पण आत त्या एकाच तुकड्याच्या आहेत. म्हणजे रूप बदललं, हाड तेच राहिलं.

योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. पण त्यांची युक्ती अजून हाताने तपासता येते. तुमच्या माळ्यावर जुन्या टीव्ही गेमचा रिमोट पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. मागचे स्क्रू काढा, ते चिन्ह उलटं करा आणि त्याच्या मध्यावर एकदा बोट फिरवून पाहा.