बिब्ब्याची परीक्षा

ठाण्याच्या खोपटात एस.टी.चे आगार आहे. बाहेरगावच्या गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांच्या टाचेवर काळा डाग दिसला, तर तो बहुधा बिब्ब्याचा समजावा. काटा मोडला, टाच ठणकली, की बिबा तापवून लावायचा, ही आपली जुनी रीत. या बिब्ब्याची परीक्षा माणसाने कसकशी घेतली, ते आज पाहू या.

पहिली परीक्षा अनुभवाची. चरकाने बिबा रसायनांत सांगितला, पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे, हेही बजावले. म्हणून वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करतात. धोब्याने दुसराच गुण हेरला. बिब्ब्याच्या तेलाची कपड्यावरची खूण धुऊन जात नाही. ‘सेमेकार्पस’ हे त्याचे शास्त्रीय नाव या खुणेवरूनच पडले.

दुसरी परीक्षा नोंदीची. गार्सिया द ओर्ता याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात बिब्ब्यावर एक संवाद आहे. डॉ. सखाराम अर्जुन यांनी 1879 साली मुंबईकडील औषधींची सूची काढली. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ 1918 साली निघाला. तो पाहायला कीर्तिकर राहिले नव्हते. आदल्याच वर्षी ते वारले.

तिसरी परीक्षा प्रयोगशाळेची. 1958 साली एक सोपी रीत प्रसिद्ध झाली. जांभळ्या द्रावणात बियांचा अर्क घालायचा. रंग उतरून पिवळा पडला, की अर्कात ऑक्सिडीकरण रोखण्याची शक्ती आहे असे समजायचे. 1962 साली सुजेची परीक्षा आली. उंदराच्या पंजात समुद्रशेवाळातले एक द्रव्य टोचून सूज आणतात आणि औषधाने ती किती कमी होते, ते मोजतात. या दोन्ही परीक्षांत बिब्ब्याच्या अर्काने गुण दाखवला आहे.

मग घरोघर बिबा खावा काय? मुळीच नको. ज्या फिनॉल जातीच्या द्रव्यांमुळे हा गुण येतो, त्यांच्याच घराण्यातल्या तेलाने बिबा उततो. अंगावर फोड येतात, तोंड सुजते. शिवाय नळीत रंग उतरला, उंदराची सूज ओसरली, म्हणजे माणसाचा रोग बरा झाला असे होत नाही. त्याला रोग्यांवरची रीतसर परीक्षा लागते.

शिक्षकबंधूंनो, मुलांना बिब्ब्याचे झाड जरूर दाखवा. गोडंबी खाऊ घाला. पण कच्च्या बिब्ब्याला मात्र हात लावू देऊ नका. आजीचा अनुभव खोटा नाही. तो तपासून घेणे हे आपले काम आहे.