कॅमेऱ्याच्या पोटात न मावलेल्या वस्तू

१८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धाची छायाचित्रे काढायला इंग्लंडहून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ पाच कॅमेरे होते. बाकीचे सामान मात्र अवाढव्य होते: सुमारे ७०० काचेच्या प्लेटा, रसायनांच्या पेट्या आणि एका मद्यविक्रेत्याची घोडागाडी डागडुजी करून बनवलेली फिरती अंधारखोली. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीमुळे एवढा पसारा न्यावाच लागे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि सुकण्याच्या आत डेव्हलप करून घ्यायची. त्यामुळे अंधार पाठीवर वाहून नेण्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्यानंतर दहाएक वर्षांनी छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न हिमालयात फिरला तो याच कारणाने हमालांचा तांडा घेऊन. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी जी मंडळी तेव्हा या कलेकडे वळली, त्यांनाही कॅमेऱ्याइतकेच किंबहुना जास्त लक्ष कॅमेऱ्याभोवतीच्या साहित्याकडे द्यावे लागत होते.

आज पहिला कॅमेरा घेणाऱ्यासमोर दुकानदार अशीच एक लांबलचक यादी ठेवतो. ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, फ्लॅश, रिमोट, हूड, बॅग, जादा बॅटरी, सफाईचा संच. यातले काय घ्यावे याचे उत्तर बहुधा दर आणि ब्रँड यांच्या तुलनेत शोधले जाते. त्याहून भरवशाचे उत्तर या वस्तूंच्या इतिहासात आहे असे मला वाटते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत जोडसाहित्याच्या वाट्याला तीन प्रकारची नशिबे आली. काही वस्तू चित्र उमटवण्याचे माध्यम बदलले तशा नाहीशा झाल्या. काही कॅमेऱ्याने स्वतःतच सामावून घेतल्या. उरलेल्या काही आजही बाहेरच आहेत, कारण त्यांचे काम कॅमेऱ्याच्या पेटीत बसून होण्यासारखेच नाही. नवशिक्याने पैसे घालायचे ते या तिसऱ्या प्रकारात.

पहिल्या प्रकाराबद्दल फार बोलण्यासारखे नाही. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, त्या दशकाच्या अखेरीस अशा प्लेटा बाजारात तयार मिळू लागल्या आणि अंधाराचा तंबू पाहता पाहता अडगळीत गेला. चित्र उमटायला लागणारा वेळ सेकंदाच्या अंशावर आला, तसा स्टुडिओत गिऱ्हाइकाची मान मागून धरून ठेवणारा लोखंडी आधारही निरुपयोगी ठरला. त्याआधी भिंगावरचे टोपण हाताने काढायचे आणि पुन्हा लावायचे एवढाच शटरचा अर्थ होता; आता खऱ्या शटरची गरज निर्माण झाली आणि थोड्याच काळात ते कॅमेऱ्याचा भाग होऊन बसले.

दुसऱ्या प्रकाराची कहाणी अधिक बोधक आहे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी खाच होती. अंतर मोजणारा रेंजफाइंडर वेगळा विकत घेऊन तिच्यात बसवायचा, त्यावर अंतर वाचायचे आणि मग तो आकडा भिंगावर लावायचा. १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर आतच आला आणि भिंगाशी जोडलाही गेला. त्याच वर्षी वेस्टनचा प्रकाशविद्युत लाइट मीटर आला. हातात धरायचा, दृश्याकडे वळवायचा, काटा वाचायचा. त्या काळच्या गंभीर हौशी माणसाच्या गळ्यात कॅमेऱ्याबरोबर मीटरही लटकत असे. दशकाच्या मध्यापर्यंत काही कॅमेऱ्यांवर मीटर बसलेलाच येऊ लागला आणि १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरने तर भिंगातून आत आलेलाच प्रकाश मोजून दाखवला. फिल्म पुढे सरकवणारी मोटर १९५९ च्या निकॉन एफला वेगळी जोडावी लागे. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये ती आणि आपोआप फोकस करणारी यंत्रणा दोन्ही कॅमेऱ्याच्या आतच होत्या. अंतर मोजणे, उजेड मोजणे, फिल्म ओढणे ही सगळी मोजमापाची किंवा पुनःपुन्हा करायची यांत्रिक कामे. अशी कामे कॅमेरा आज ना उद्या स्वतःकडे घेतो. केबल रिलीजचेही पुढे तेच झाले: पूर्वी शटरच्या बटणात फिरवून बसवायची ती तार आता फोनमधल्या ॲपने किंवा कॅमेऱ्यातल्या दोन सेकंदांच्या टायमरने बव्हंशी अनावश्यक केली आहे. म्हणून रिमोटसाठी निराळे पैसे घालण्याआधी नवशिक्याने आपल्या कॅमेऱ्याचा मेनू एकदा नीट वाचावा.

आता उरलेल्या वस्तू. ट्रायपॉडपासून सुरुवात करायला हवी, कारण त्याच्याइतका जुना साथीदार कॅमेऱ्याला दुसरा नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण मांडले. त्या मालिकेतल्या पाव इंची स्क्रूला इंचामागे वीस आटे होते. आजच्या मिररलेस कॅमेऱ्याच्या तळाशी जे भोक असते तेही पाव इंचाचे आणि वीस आट्यांचे. फिल्म गेली, आरसा गेला, भिंगे बसवायचे माउंट प्रत्येक कंपनीने अनेकदा बदलले, पण हे भोक हलले नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: हाताचा कंप आता कॅमेराच सांभाळतो, मग तिपाई कशाला? १९९० च्या दशकाच्या मध्यात निकॉन आणि कॅनन यांनी भिंगात कंपनिरोधक यंत्रणा बसवली, २००३ मध्ये मिनोल्टाने ती सेन्सरलाच जोडली आणि आज फोनचा नाइट मोड हातात धरूनच अंधारात अनेक फ्रेम घेतो आणि त्यांचे एक चित्र करतो. आक्षेपात तथ्य आहे. मावळतीनंतरचे रस्ते, देवळाचा गाभारा, घरातला साधा उजेड एवढ्यासाठी आज ट्रायपॉडवाचून अडत नाही, आणि कोणी अडते म्हणत असेल तर तो जुन्या पुस्तकातला सल्ला देतो आहे. पण कंप थोपवणे हे ट्रायपॉडचे अर्धेच काम आहे. दुसरे अर्धे काम म्हणजे कॅमेरा एकाच जागी, एकाच कोनात ठेवून देणे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला तो कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची एकेक फ्रेम ठरावीक अंतराने टिपून. त्यात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर तंतोतंत बसली नसती, तर रोप वाढताना न दिसता नाचताना दिसले असते. कंपनिरोधक यंत्रणा कितीही सुधारली तरी उद्या सकाळी कॅमेरा काल होता तिथेच आहे याची हमी तिला देता येत नाही. ती हमी जमिनीवर टेकलेले पायच देतात. फोन बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. आपण स्टँडवर स्थिर आहोत हे फोनला कळले, की नाइट मोड आपण होऊन जास्त वेळ प्रकाश घेऊ लागतो.

दुसरा आक्षेप माझ्या पद्धतीवरच आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. एखादी वस्तू टिकली म्हणून ती उपयोगी असे कसे म्हणता येईल? सवयीने आणि दुकानदाराच्या नफ्यानेही वस्तू टिकतात. फिल्टरचा इतिहास या आक्षेपाला बळ देतो. सुरुवातीच्या प्लेटांना निळा रंग फार जाणवे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे आकाश पांढरेफटक येई. हर्मान फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून प्लेटा इतर रंगांनाही संवेदनशील करता येतात हे शोधले, १९०६ पासून सर्व रंग ओळखणाऱ्या प्लेटा विकत मिळू लागल्या आणि त्यानंतर पिवळ्या व लाल फिल्टरांचा खरा उपयोग सुरू झाला. ॲन्सेल ॲडम्सने एप्रिल १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमचे चित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले आणि उरलेल्या शेवटच्या प्लेटवर लाल फिल्टरने. कड्यामागचे आकाश काळेभोर आले ते दुसऱ्या चित्रात. आज कृष्णधवल रूपांतर करताना हेच काम संगणकात होते, म्हणजे रंगीत फिल्टर माध्यमाबरोबर गेले. यूव्ही फिल्टरही खरे तर गेलाच आहे. फिल्मला अतिनील प्रकाश टिपता येई, म्हणून डोंगरावर चित्रात निळसर धुरकटपणा येत असे. डिजिटल सेन्सरसमोर तो प्रकाश अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. तरीही हा फिल्टर जवळजवळ प्रत्येक नव्या भिंगाबरोबर विकला जातो, आता भिंगाचे रक्षण या नावाखाली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात किंवा उडत्या रेतीत ते कारण खरेही आहे, पण एरवी भिंगापुढे एक साधी काच जास्तीची लावून घेण्याने उलट प्रकाशात नकोसे परावर्तन तेवढे वाढते. म्हणून टिकणे हा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. वस्तू कशामुळे बाहेर राहिली त्याचे भौतिक कारण दाखवता आले पाहिजे.

पोलरायझिंग फिल्टरच्या बाबतीत ते कारण दाखवता येते. एडविन लँडने १९२० च्या दशकाच्या अखेरीस पोलरॉइडचा पातळ पडदा बनवला आणि १९३० च्या दशकात तो छायाचित्रकारांपर्यंत आला. पाण्यावरची, पानांवरची, काचेवरची चमक एका ठरावीक दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाची असते आणि हा फिल्टर फिरवून ती अडवता येते. सेन्सर प्रकाशाची तीव्रता आणि रंग नोंदवतो, कंपनाची दिशा नोंदवत नाही. जे नोंदवलेच गेले नाही ते संगणक नंतर वेगळे काढू शकत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतली ओली पाने चमकीमुळे पांढरट दिसतात. तो हिरवा रंग खरेच मिळवायचा तर भिंगासमोर हाच फिल्टर हवा. लेन्स हूडचेही तसेच. चित्राच्या चौकटीबाहेरून येणारा आडवा उन्हाचा झोत भिंगाच्या आतल्या काचांवर पसरण्याआधी रोखायचा, तर रोखणारी वस्तू भिंगाच्या पुढेच असावी लागते. ती महागही नसते आणि भिंग आपटले तर पहिला धक्का तिलाच बसतो, म्हणून संरक्षणासाठीही बहुतेक वेळा मी यूव्ही फिल्टरपेक्षा हूडलाच पसंती देईन.

प्रकाशाच्या साहित्यात हा फरक सगळ्यांत ठळक दिसतो. आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी १८८७ मध्ये मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार केली आणि जेकब रीसने तिचा वापर करून न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या काळोख्या खोल्या उजेडात आणल्या. त्या पावडरीने आगी लागत. १९३० च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यातला फ्लॅश बल्ब आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्याच्यावर विसंबू लागले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावरही असेच बल्ब लागत. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश इतका लहान झाला की कॅमेऱ्याच्या माथ्यातच मावला. म्हणजे वरकरणी कॅमेऱ्याने फ्लॅशही गिळला. पण भिंगाच्या अगदी शेजारून समोर फेकलेला उजेड चेहरा सपाट करतो आणि मागे कडक सावली पाडतो. चेहऱ्याला घडण देते ती प्रकाशाची दिशा, आणि सावली मऊ होते ती प्रकाशाचा स्रोत मोठा असल्याने. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंचे काचेचे छप्पर आणि त्याखालचे सरकते पडदे याचसाठी होते. दिशा आणि आकार या दोन्ही गोष्टी मुठीएवढ्या पेटीत बसत नाहीत. म्हणून फ्लॅश घ्यायचा तर कॅमेऱ्यापासून दूर ठेवून चालवता येणारा घ्यावा आणि त्याआधी खिडकीसमोर एक पांढरा कार्डबोर्ड किंवा थर्माकोलचा तुकडा धरून पाहावा. रिफ्लेक्टरचे बहुतेक धडे त्याच्यावर मिळतात.

राहिला तो साधेपणाचा आक्षेप. एक डॉलरच्या ब्राउनी कॅमेऱ्याने १९०० पासून घरोघरी चित्रे काढवली, आँरी कार्तिए-ब्रेसाँने एक लायका आणि बहुतेक एकाच भिंगावर आयुष्यभराचे काम केले, मग नवशिक्याने काहीच का घ्यावे? दिवसाउजेडी रस्त्यावरची माणसे टिपायची असतील तर खरोखर काहीच घेऊ नये, एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड सोडून. या दोन गरजा डिजिटल कॅमेऱ्यानेच निर्माण केल्या आहेत आणि त्यांना सध्या तरी पर्याय नाही. पण फुलांवर, पाण्यावर, रात्रीच्या आकाशावर किंवा माणसांच्या चेहऱ्यांवर ज्याचा जीव आहे त्याला ब्रेसाँची शिस्त जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण यांतले बहुतेक विषय ब्रेसाँने क्वचितच घेतले.

आणि बाहेरच्या वस्तू घेताना त्या कोणत्याही कॅमेऱ्याला चालतील याकडे लक्ष द्यावे. लायकाची ती खाच रेंजफाइंडर आत गेल्यावरही राहिली, तिच्यात विजेचा संपर्क आला आणि तिचीच आजची हॉट शू झाली, आंतरराष्ट्रीय प्रमाण मिळालेली. मिनोल्टाने १९८८ मध्ये मात्र स्वतःची निराळी शू काढली आणि सोनीने तीच २०१२ पर्यंत चालवली. त्या काळात घेतलेले फ्लॅश नव्या कॅमेऱ्यांवर ॲडॉप्टर घेतल्यावाचून बसेनात. मध्यभागी एक साधा संपर्कबिंदू असलेला हाताने चालवायचा फ्लॅश, पाव इंची स्क्रूचा बळकट ट्रायपॉड, आणि आपल्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या भिंगाच्या मापाचा पोलरायझर घेऊन लहान भिंगांसाठी स्टेप-अप रिंग, एवढे ज्याने जपून निवडले त्याला पुढचा कॅमेरा कोणत्याही कंपनीचा घेता येतो.