‘होतकरू’ नसलेल्यांचा इतिहास

सावनेर हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला एका तारखेमुळे पाठ असते. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी येथे वारले. क्षयाने खंगलेले गडकरी आपल्या भावाकडे आले होते. ‘भावबंधन’ हातावेगळे झाले, ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. वय अवघे तेहेतीस. जानेवारीत त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने या भागात भाषणे होतात आणि त्यांत एक वाक्य हमखास येते : गडकरी गणितात नापास झाले होते. ते खरेही आहे. एकोणिसाव्या वर्षी मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, पहिल्याच वर्षी गणिताने त्यांना अडवले आणि शिक्षण सुटले. समोर बसलेली दहावीची मुले हे ऐकून टाळ्या वाजवतात. त्यांची सराव परीक्षा नुकतीच झालेली असते आणि बोर्डाची परीक्षा महिना-दीड महिन्यावर आलेली असते.

हे वाक्य आम्हीही व्यासपीठावरून अनेकदा उच्चारले आहे. अलीकडे मात्र ते उच्चारताना आम्ही अडखळतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी ‘एकच प्याला’ लिहिणार नाही. त्याची गरजही नाही. त्यांना गणितात ३५ गुण हवे आहेत, आणि ते कसे मिळतील हे आमच्या भाषणात कुठेच नसते. नापास झालेल्या प्रतिभावंताची कथा सांगून आपण सामान्य मुलाला धीर देतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपण त्याला सांगत असतो की नापास होणे क्षम्य आहे, पण त्यासाठी पुढे गडकरी व्हावे लागते. अरुण शेवते यांनी संपादित केलेले ‘नापास मुलांची गोष्ट’ हे पुस्तक वाचकांना ठाऊक असेल. पुस्तक चांगलेच आहे. परंतु त्यातली नापास मुले पुढे नामवंत झाली म्हणून त्यांची गोष्ट झाली. जी नामवंत झाली नाहीत, साधारणच राहिली, त्यांचा इतिहास कोणता? या लेखात आम्ही तो थोडासा शोधणार आहोत.

प्रथम भाषेकडे पाहू. विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी मराठीत शब्दांची वाण नाही. वरच्या टोकाला हुशार, चुणचुणीत, तल्लख, कुशाग्र. खालच्या टोकाला मठ्ठ, दगड, ढ. ‘ढ’ची व्युत्पत्ती अशी सांगितली जाते की ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. म्हणून ज्याची प्रगती होत नाही तो ढ. आता मधल्या मुलासाठी शब्द शोधावा. ‘साधारण’, ‘बेताचा’, ‘काठावरचा’. यांपैकी एकाही शब्दात सन्मान नाही. शिष्यवृत्तीच्या आणि वसतिगृहांच्या जाहिरातींत शतकभर एक जोडशब्द छापून येत आहे : ‘गरीब व होतकरू’. गरिबी पुरेशी नाही. मदतीला पात्र ठरण्यासाठी होतकरूही असावे लागते. वार लावून जेवणारा, माधुकरी मागणारा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा विद्यार्थी हा आपल्या चरित्रवाङ्मयाचा आवडता नायक आहे. त्याला वार देणारी घरे उदार होती यात शंका नाही. परंतु हा मुलगा पुढे नाव काढील, ही अपेक्षा त्या औदार्यामागे बहुधा असे. नाव न काढणाऱ्याला वार कोणी द्यावा?

परीक्षेचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. या परीक्षेचे काम निवडण्याचे होते. विद्यापीठात कोणाला घ्यावे एवढेच तिने ठरवायचे होते. पण सरकारी नोकरीचे दारही याच किल्लीने उघडू लागले आणि ज्यांना विद्यापीठाशी कर्तव्य नव्हते तेही तिच्या रांगेत उभे राहिले. १८८२ च्या हंटर आयोगाने वरच्या वर्गांच्या दोन शाखा सुचवल्या : एक प्रवेशपरीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार-व्यवहाराकडे नेणारी. दुसऱ्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. १९२९ साली हार्टॉग समितीने पुन्हा तेच निदान केले की सारे माध्यमिक शिक्षण मॅट्रिकभोवती फिरते आणि तिथे नापास होणाऱ्यांची मोठी संख्या हा निव्वळ अपव्यय आहे. सरकारी अहवालात ‘अपव्यय’ म्हणून नोंदली गेलेली ती मुले घरी मात्र ‘मॅट्रिक नापास’ किंवा ‘नॉनमॅट्रिक’ म्हणून ओळखली जात होती. विशेष असे की ही ओळख काही काळ निम्मी पदवीच मानली जाई. मुलगा मॅट्रिकपर्यंत तरी पोचला होता, असे लोक म्हणत.

आमच्या भागाची गोष्ट थोडी निराळी. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथली महाविद्यालये आधी कलकत्त्याशी व नंतर अलाहाबादशी जोडलेली होती. म्हणजे परीक्षक हजार-पाचशे मैलांवर. त्याच नागपूरपासून जवळ, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताने काम करता करता शिकावे, या विचारात आमचा काठावरचा मुलगा पहिल्यांदा मधोमध आला होता. ज्याला बीजगणित कळत नाही पण चरख्याची मोडलेली चाती दुरुस्त करता येते, त्याला या शाळेत ढ म्हणता आले नसते. नई तालीम का टिकली नाही याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे की पालकांना मुलाच्या हातात टकळी नको होती, सर्टिफिकेट हवे होते. त्यांना दोष देता येत नाही. ज्यांच्या घरात कागद नव्हता त्यांनाच कागदाची किंमत ठाऊक होती. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढून शाळा सुटलेल्या मुलांना हाताने शिकवून दाखवले. हे प्रयोग मोलाचे खरेच. पण मुख्य रस्ता दहावीचाच राहिला. १९७५ साली नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि ‘मॅट्रिक’ची भीती एक इयत्ता खाली उतरली, एवढेच.

या मुख्य रस्त्यावर सामान्य मुलाला कोणी साथ दिली? आमच्या मते दोन गोष्टींनी, आणि दोन्हींची साहित्यात चेष्टाच झाली आहे. पहिली गोष्ट गाईड. गाईडने पाठांतर वाढले, विचार मेला, हे आम्हीही वर्गात सांगतो. परंतु ज्या घरात दहावीपर्यंत कोणी गेलेले नाही त्या घरातल्या मुलाला प्रश्न कसा वाचायचा, पाच गुणांना किती लिहायचे, हे सांगणारे दुसरे कोण होते? शहरातल्या शिकलेल्या घरांना परीक्षेचे हे अलिखित नियम वारशाने मिळत. ‘एकवीस अपेक्षित’ने ते खेड्यातल्या मुलाला विकत दिले.

दुसरी गोष्ट सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. मॅट्रिकच्या वाऱ्या करणाऱ्यांवर विनोदी लेखकांनी भरपूर हात साफ करून घेतले. पण परत येण्यासाठी दार उघडे ठेवणारी आपल्या शिक्षणातली ही एक जुनी व्यवस्था आहे. तिची काळी बाजूही आम्ही पाहिली आहे. आपला निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘सतरा नंबर भरा’ असे सुचवणाऱ्या शाळा आहेत. परत येण्याचे दार बाहेर ढकलण्यासाठीही वापरता येते.

आमच्याकडे बी. ए. ला आलेली एक विद्यार्थिनी याच वाटेने आली होती. दहावीला गणितात दोनदा गेली. तिसऱ्या वेळी पास झाली, ती कशी हे आम्ही तिला मुद्दाम विचारले. शिकवणी नव्हती. वडील संत्र्याच्या बागेत कामाला. आई चौथी शिकलेली. आई रोज रात्री जेवणे उरकल्यावर तिच्यासमोर बसे आणि म्हणे, ‘‘मले समजाव.’’ मुलगी आईला गणित समजावून सांगे. आईला ते कितपत कळत होते देव जाणे. पण जिथे मुलगी अडे तिथे आई म्हणे, ‘‘हे तुले नाही येऊन राहिलं, उद्या मॅडमले विचार.’’ या हकिकतीत चमत्कार काही नाही. त्या मुलीला गणितात ४१ गुण मिळाले. आज ती एका पतसंस्थेत काम करते. तिच्यावर कोणी भाषण करणार नाही.

आता अलीकडचा एक प्रसंग. २०१९ साली दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून घेण्यात आले. अभ्यासक्रमही नवा होता आणि काही वर्षे उपलब्ध असलेला ‘सामान्य गणिता’चा सोपा पर्यायही त्याबरोबर गेला. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. नागपूर विभाग सर्वांत खाली होता : ६७.२७ टक्के. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले आणि राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. तीन वर्षांत आमच्या मुलांची बुद्धी जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढली असे कोणी म्हणणार नाही. रेघ वरखाली झाली. ती वरखाली होत असताना काठावर उभी असलेली मुले कधी पाण्यात पडली, कधी पैलतीरी गेली. पोहायला त्यांना कोणी शिकवले नाही. २०२४ साली गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर, गुणपत्रिकेवर शेरा मारून, पुढे जाऊ देण्याची चर्चा झाली. तीही रेघेचीच चर्चा होती.

आम्ही मराठीचे अध्यापक. त्यामुळे गणिताकडे बोट दाखवून आम्हाला सुटता येत नाही. मातृभाषेच्या पेपरात नापास होणारी मुले दरवर्षी असतातच आणि त्याचा विचार आमच्यासारख्यांनी करायचा आहे. सावनेर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. पलीकडे सौंसर-पांढुर्ण्याला मध्य प्रदेश लागतो, तरी घराघरांत मराठी बोलली जाते. अलीकडे मराठी असून बाजारात हिंदी चालते. इथला मुलगा ‘मी जाऊन राहिलो’ असे म्हणतो. हे त्याच्या आईचे मराठी आहे. उत्तरपत्रिकेत ते आले की आम्ही लाल शाईने खोडतो. हुशार मुलगा दोन मराठी लवकर शिकतो. एक घरातली, एक पेपरातली. साधारण मुलाला वाटते की आपल्याला मराठीच येत नाही, आणि तो निबंध सोडून देतो. तोंडी परीक्षेच्या त्या २० गुणांत तो निदान बोलत तरी होता. त्या गुणांची खिरापत होत होती हे आम्हाला मान्य आहे. पण खिरापत थांबवताना बोलणेच थांबवण्याचे कारण नव्हते.

मग करावे काय? आमच्यापाशी योजना नाही, थोडा अनुभव आहे. प्रश्नपत्रिका मुलाबरोबर मोठ्याने वाचावी. प्रश्नच न कळल्याने जाणारे गुण पुष्कळ असतात. त्याला लिहायच्या आधी बोलू द्यावे, घरच्या मराठीत, आणि मग दोघांनी मिळून ते पेपरातल्या मराठीत आणावे. त्याच्यापुढे सगळा अभ्यासक्रम एकदम न टाकता जे हमखास जमेल ते आधी पक्के करावे. घड्याळ लावून हाताने लिहून घ्यावे. आणि शेजारच्या मुलाचे नाव काढू नये. यांतले काहीही नवे नाही. पु. लं.चे चितळे मास्तर शाळेच्या घंटेपलीकडे मुलांसाठी राबत होते, अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत होते. व्यवस्थेने कधी हा वेळ मोजला नाही, म्हणून त्याची नोंद अहवालांत नाही. ललित वाङ्मयात आणि आठवणींतच ती सापडते. या विषयाचा इतिहास लिहायचा तर तो साहित्याच्या विद्यार्थ्यालाच लिहावा लागेल, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

गडकऱ्यांचे शिक्षण सुटल्यानंतर त्यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतल्या मुलांना शिकवण्याचे काम केले होते. ती मुले कोणत्याही परीक्षेला बसणार नव्हती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. येत्या जानेवारीत सावनेरच्या मुलांपुढे बोलण्याची पाळी आली तर आम्ही गणितात नापास झालेल्या नाटककाराऐवजी त्या मास्तरांविषयी बोलू, आणि भाषण आटोपते घेऊन उरलेल्या वेळात गणिताची एक प्रश्नपत्रिका मुलांबरोबर वाचू.