सभाधीटपणाची शाळा

सभेत उभे राहिल्यावर ज्याच्या घशाला कोरड पडत नाही, असा माणूस एक तर फार तयारीचा असतो, नाहीतर सभा म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. बाकी आपण सारे मधल्या गर्दीतले. न्हाणीघरात झकास लागणारा आवाज सत्यनारायणाच्या पूजेला चार पाहुण्यांसमोर दगा का देतो, हे कोडे गाणे शिकणाऱ्या प्रत्येक घराला कधी ना कधी पडलेले असते. यंदाही दिवाळी-पहाटेच्या एखाद्या कार्यक्रमात कुणाची तरी चिमुरडी दुसऱ्या कडव्यावर अडखळेल आणि पहिल्या रांगेतील तिची आई तिच्याहून अधिक घामाघूम होईल. या कोड्याचा इतिहास शोधायचा तर मिरज-कोल्हापूर गाठावे, तेथील खाँसाहेबांच्या आणि बुवांच्या आख्यायिका गोळा कराव्यात, असे कुणालाही वाटेल. पण मला तो माझ्या घराच्या आसपासच, सायकलवरून जाऊन येता येईल एवढ्या अंतरात सापडला, आणि त्याचीच हकीगत येथे सांगावयाची आहे.

मी चिंचवडचा. आमच्या या मुलखाची ओळख आता कारखान्यांची. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, पुढे आकुर्डी, भोसरी असे करीत धुराड्यांची ही दिंडी पार चाकणपर्यंत गेली. पण नकाशावर देहू, आळंदी आणि चाकण हे तीन ठिपके जोडून पाहावे. या त्रिकोणात साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ एक निराळाच कारखाना चालू आहे. कच्चा, लाजरा, तोंडातून शब्द न फुटणारा माणूस आत घ्यायचा आणि काही वर्षांनी हजारोंच्या समुदायापुढे उभा राहणारा गायक-वक्ता बाहेर काढायचा, हे त्याचे काम.

त्याचा पहिला कारागीर देहूचा. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता, महाजनकी होती, घरात विठ्ठलभक्ती होती. पण कीर्तनाला उभे राहण्याची तालीम त्यांना कुणी दिलेली नव्हती. आईबाप गेले, १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळाने धंदा बुडविला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर हा मनुष्य गाण्याकडे वळला. कसा वळला, हे त्यांनी संतमंडळींच्या विचारण्यावरून एका आत्मपर अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. आपण तो अभंग वैराग्याची कथा म्हणून वाचतो. मी तो अलीकडे एका विद्यार्थ्याची रोजनिशी म्हणून वाचू लागलो आहे, आणि त्या दृष्टीने त्यातील चार-दोन तपशील थक्क करणारे आहेत.

पहिला तपशील एकादशीचा. कीर्तनाची सुरुवात त्यांनी एकादशीला केली, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा. तो दिवस ठरलेला. आज गावेसे वाटते की नाही, हा प्रश्नच उरत नाही. दुसरा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आरंभी आपल्या चित्ताला अभ्यासाची सवयच नव्हती, अशी कबुली ते देतात! ज्याच्या वाणीपुढे पुढील पिढ्या नतमस्तक झाल्या, तो सांगतो की सुरुवातीला मन लागत नव्हते. मग त्यांनी केले काय? स्वतःचे काही रचण्याच्या फंदात न पडता आधीच्या संतांची वचने श्रद्धेने तोंडपाठ केली. आणि जे कुणी पुढे उभे राहून गात असतील त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले.

या शेवटच्या गोष्टीवर मला जरा रेंगाळू द्या. ध्रुपद धरणे म्हणजे पालुपद उचलणे. पुढचा गातो, मागचा साथ देतो. वरवर पाहता हे दुय्यम काम. पण मागच्याचा आवाज सभेत पडतो, तरी सभेची नजर त्याच्यावर पडत नाही. चुकला तर चूक दहा आवाजांत विरते, बरोबर आला तर त्याचे त्याला कळते. हळूहळू कानाला लोकांच्या श्वासाची सवय होते, टाळ आणि जीभ एका लयीत पडू लागतात, आणि पुढे उभे राहण्याची वेळ येते तेव्हा सभा ही अनोळखी वस्तू राहिलेली नसते. भीती घालविण्याचा उपदेश येथे कुणी कुणाला केला नाही. भीतीला बसायला जागाच थोडी थोडी कमी करीत नेली.

याच्या जोडीला एकांत होता. देहूजवळचा भंडारा, चाकणच्या अंगाला असलेला भामचंद्र आणि मुंबईच्या वाटेवरील घोराडेश्वर हे तीन डोंगर तुकोबांच्या एकांताचे म्हणून प्रसिद्ध आहेत. भामचंद्राच्या परिसरात आता चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. वर लेणी, खाली मालमोटारींची रांग. पण केवळ डोंगरावरच्या चिंतनाने कीर्तनकार झाला नाही आणि केवळ देवळातल्या गर्दीनेही झाला नाही. पाठांतर एकट्याने पक्के करावयाचे, आणि ते माणसांत नेऊन पारखावयाचे, अशी ती ये-जा होती.

आता जरा समुद्रापार जाऊ. १९६५ साली अमेरिकेत रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक जुनी गुंतागुंत सोडविली. लोकांसमोर काही जणांचे काम सुधारते, काहींचे बिघडते, असे का? त्याचे उत्तर असे की, दुसऱ्यांच्या नुसत्या उपस्थितीने अंगात एक प्रकारची उत्तेजना चढते, आणि ती उत्तेजना आपल्यात जे सर्वांत अधिक मुरलेले असेल तेच वर काढते. बरोबर गाणे मुरलेले असेल तर ते अधिक तेजाने वर येते, चूक मुरलेली असेल तर चूकच. पुढे १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर पडताळून पाहिले. सरळ वाटेवर झुरळ इतर झुरळांच्या देखत अधिक वेगाने पळाले, वेड्यावाकड्या वाटेवर मात्र प्रेक्षक झुरळांमुळे अधिकच गोंधळले. (दिवाळीच्या साफसफाईत ज्या गृहिणींची या प्राण्याशी गाठ पडली असेल त्यांनी हा प्रयोग घरी करू नये.) म्हणजे ऐन वेळचे धैर्य हा स्वभावाचा प्रश्न कमी आणि मुरण्याचा प्रश्न अधिक. आणि मुरायचे असेल तर ते थोडेफार माणसांच्या देखतच मुरले पाहिजे.

तुकोबांना ही माणसे मिळाली. त्यांचे चौदा टाळकरी परंपरेत प्रसिद्ध आहेत. त्यांतील संताजी जगनाडे हे चाकणचे तेली, गंगारामपंत मवाळ हे कडूसचे. कोण पुढे, कोण मागे याचा हिशोब जातीवर नव्हता, हे त्या काळात लहान नव्हे. संताजींनी अभंग लिहून ठेवले. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढे गाथा छापून प्रसिद्ध केला. ज्याने वर्षानुवर्षे मागच्या ओळीत टाळ धरला त्याच्याच हातून पुढच्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. संताजींची समाधी सुदुंबऱ्यास आहे.

या रीतीची शाळा झाली ती मात्र १९१७ साली, आळंदीस. विष्णुबुवा जोग हे पुण्याचे, आजन्म ब्रह्मचारी. त्यांनी त्या वर्षी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिचे घडणे पाहायला त्यांना पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत, १९२० साली ते गेले. पण तेवढ्यात बंकटस्वामी आणि सोनोपंत दांडेकर यांसारखे शिष्य तयार झाले होते. हे सोनोपंत पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि तत्त्वज्ञान शिकवीत असतानाच गळ्यात वीणा घालून कीर्तनास उभे राहिले. आळंदीच्या संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. मुले बहुतेक शेतकऱ्यांची. जेवण माधुकरीचे. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग. आज घरोघरच्या मुलांना शिकवणीची फी भरूनही जे येत नाही ते या पोरांना कसे येत असे?

माधुकरीचा विचार करा. बारा-चौदा वर्षांचा मुलगा रोज अनोळखी दारात उभा राहून खड्या आवाजात हाक देतो. सभेची निम्मी भीड तेथेच मोडत असली पाहिजे, असे मला वाटते. हा माझा तर्क, पण आळंदीत शिकलेल्या कुणाशीही बोलावे, तो हसून मान डोलावतो. मग पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, आणि भजनात एकेकाची पाळी. पाळी आली की चाल धरावीच लागते. मृदंगाचे बोल आधी तोंडाने, मग मांडीवर हाताने, मग पखवाजावर, आणि तेही ठाय लयीत. घाईने वाजविलेली परण हात चुकीचे वळण शिकतो म्हणून वर्ज्य.

कीर्तनाची मांडणीही पाहण्याजोगी आहे. कीर्तनकार पुढे एकटा उभा असतो असे आपल्याला दिसते, पण तो एकटा नसतो. मागे वीणेकरी, बाजूला मृदंग, आणि टाळकऱ्यांच्या ओळी. त्याने प्रमाणाच्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारले की उरलेला चरण ओळ उचलते. विसरला तरी ओळ उचलते. तेवढ्यात त्याला दम घेता येतो आणि पुढचा विचार सुचतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या रंगमंचावर काळोखात बसलेल्या हजार डोळ्यांसमोर एकट्या वादकाला जे सोसावे लागते, ते येथे मुळातच वाटून घेतलेले आहे.

गंमत अशी की, मराठीत ‘तालीम’ हा एकच शब्द पहिलवानाच्या आखाड्याला, उस्तादाच्या शिकवणीला आणि नाटकाच्या सरावाला चालतो. घराण्याच्या गवयांची तालीम बंद दाराआड होत असे हे खरे, पण तेथेही शिष्याला गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसावेच लागे. किशोरी आमोणकरांनी स्वतःची मैफल गाजविण्याआधी आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे अशीच तंबोऱ्याची साथ केली होती. नाटकाच्या तालमीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. ते रंगमंचावर उभे राहिले आणि गायले. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते, हे बाहेरच्याने बोलू नये. गळ्यात महिनोन्महिन्यांची तालीम होती, एवढेच म्हणता येते.

आता मला खटकते ते सांगतो. अलीकडे भजनात अभंग मोबाइलच्या पडद्यावर पाहून म्हणण्याची चाल पडली आहे. पाठांतराचा भार गेला म्हणून लोक खूश आहेत. पण डोळे पडद्यावर असले की ते ना मृदंगाकडे जातात ना शेजाऱ्याकडे, आणि ज्या दिवशी पडदा विझतो त्या दिवशी गळाही विझतो. दुसरीकडे, तीन महिने क्लासला गेलेल्या मुलीला थेट स्पर्धेच्या मंचावर उभे करतात. मधली ओळ कुठे गेली? मुलांना समूहगानात, मागे, टाळ घेऊन दोन वर्षे काढू द्यावी, असे मी सुचविले की आईबाप माझ्याकडे दयेने पाहतात. शिफ्टच्या नोकऱ्यांमुळे पुष्कळ गावांतील भजनाची बैठक आठवड्यातून एकदा होते, त्यातही सगळे जमत नाहीत.

तरी जमतात. मागच्या कार्तिकात चाकणच्या बाजूच्या एका गावी हरिपाठाला गेलो होतो. टाळकऱ्यांत निम्मे कारखान्यांतले कामगार, दोघांच्या अंगावर तर गणवेशच होता. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाची त्या दिवशी प्रथमच पुढे उभे राहण्याची पाळी. आजोबा मागच्या ओळीत. मुलगा दोनदा मागे वळून म्हणाला, “आबा, मला येईल ना?” आबांनी उत्तर दिले नाही, टाळ वाजविला. पहिली दोन कडवी ठीक गेली. तिसऱ्याला पोर थांबले. मागून वीसएक आवाजांनी चरण उचलला, मृदंगाने एक आवर्तन वाढवून दिले, आणि चौथ्या कडव्याला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. नंतर कुणी त्याची पाठ थोपटली नाही की चूक काढली नाही. सतरंज्या गुंडाळल्या, प्रसाद वाटला. पहाटे पहिल्या पाळीची बस होती.