पातळ तेल, वेगवान गाडी

अहिल्यानगरहून मनमाडच्या रस्त्याला लागले की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. यंत्रांची आणि त्यांना लागणाऱ्या तेलांची ओळख असलेले पालक इथल्या शाळांना नवे नाहीत. पण मोटारीच्या तेलाबद्दलची एक समजूत आपल्याकडे सर्वत्र पक्की आहे: तेल जितके जाड, तितके ते इंजिनाला चांगले. ही समजूत खरी असेल, तर सर्वांत वेगवान गाडीला सर्वांत जाड तेल लागायला हवे. प्रत्यक्षात सुबारू बीआरझेड आणि टोयोटा ८६ या स्पोर्ट्स गाड्यांसाठी कारखान्याने सुचवलेले तेल ‘०डब्ल्यू–२०’ हे आहे. ते गोडेतेलाइतके पातळ असते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हेच एरंडेल पुढे शर्यतीच्या मोटारींत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांत गेले. त्या काळच्या अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांत पेट्रोल आणि तेल यांचा सतत संपर्क येई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन जाई; एरंडेल सहसा विरघळत नसे. ‘कॅस्ट्रॉल’ या १९०९ च्या नावातही ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडच आहे. मात्र एरंडेल तापून हवेशी संयोग पावले की चिकट राळ तयार होते. म्हणून ते वारंवार बदलावे लागे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस ‘सिल्व्हर घोस्ट’ची चिलखती मोटार ठेवलेली आहे. या गाडीचा मूळ सांगाडा १९०६ च्या सुमाराचा. तेव्हा तेलाच्या डब्यावर आजच्यासारखे आकडे नव्हते. ‘हलके’, ‘मध्यम’, ‘जड’ अशा शब्दांवरच काम भागे.

तेल नेमके करते काय, याचा उलगडा एका योगायोगाने झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. भोकात बूच बसवले, तर तेलाने तेही बाहेर फेकले. मग तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरच्या भाराचा जो सरासरी दाब होता, त्याच्या दुपटीलाही मापकाचा काटा ओलांडून गेला! फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे तेलाचा दाब वाढतो आणि आस तेलावर अक्षरशः तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. धातू धातूला टेकतच नाही, मग झीज कसली होणार?

इथे जाड तेलाची बाजू बळकट वाटते, कारण श्यानता जास्त असेल तर तेलाचा थरही जाड होतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. तेलाचे थर एकमेकांवरून सरकताना विरोध करतात आणि श्यानतेबरोबर हा विरोधही वाढतो. जर्मनीत रिखार्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये बेअरिंगमधील घर्षणाची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. वेग कमी असताना धातू एकमेकांना घासतात, त्यामुळे घर्षण जास्त असते. वेग वाढला की थर तयार होऊन घर्षण झपाट्याने उतरते. वेग आणखी वाढला की ते पुन्हा चढू लागते, कारण आता तेल घुसळण्यातच शक्ती खर्च होते. म्हणजे प्रत्येक बेअरिंगला भार आणि वेग यांनुसार एक योग्य श्यानता असते. वेग जास्त असेल, तर पातळ तेलही पुरेसा थर उभा करू शकते. ‘जाड ते चांगले’ ही समजूत इथे कोलमडते.

दुसरी अडचण तापमानाची. तेल तापले की पातळ होते, थंड झाले की घट्ट. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ मध्ये तेलांची पहिली प्रतवारी केली. पुढे तापमानाबरोबर तेल किती बदलते याचे मापही, म्हणजे श्यानता निर्देशांक, १९२९ मध्ये आले. आजच्या ०डब्ल्यू–२० मधील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३५ अंश सेल्सिअसला होते. तेवढ्या थंडीतही इंजिन फिरवता आले पाहिजे. २० हा आकडा गरम तेलाचा: १०० अंशांना त्याची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असते. ४० या आकड्याच्या तेलाची १२.५ ते १६.३. शिवाय १५० अंशांना, बेअरिंगमधल्यासारख्या जोरदार घुसळणीतही २० च्या तेलाची श्यानता २.६ मिलिपास्कल-सेकंदाच्या खाली जाता कामा नये.

जमिनीतून निघालेल्या साध्या तेलाला ही दोन टोके एकदम सांभाळणे जमत नाही. त्यातील रेणू नाना आकारांचे असतात. मेणासारखे रेणू थंडीत गोठतात, हलके रेणू उष्णतेने उडून जातात. मुंबईत ट्रॉम्बेला १९६९ पासून वंगणाचे मूळ तेल शुद्ध केले जाऊ लागले. पण शुद्धीकरण म्हणजे निवड. संश्लेषण म्हणजे घडण. संश्लेषित तेलाच्या एका महत्त्वाच्या प्रकारात इथिलीनपासून दहा कार्बनचा रेणू बनवतात आणि असे काही मोजके रेणू जोडतात. सगळे रेणू जवळपास सारखे, म्हणून वागणूकही सारखी. जेट विमानांना अशा घडवलेल्या तेलांची गरज आधी पडली; १९७० च्या दशकात ती मोटारींसाठी बाजारात आली.

मग स्पोर्ट्स गाडीला पातळच तेल घालावे का? नाही. ‘स्पोर्ट्स गाडी’ या नावावरून तेल ठरत नाही, बेअरिंगच्या रचनेवरून ठरते. बीएमडब्ल्यूच्या २००० नंतरच्या एम३ गाडीला कारखान्याने १०डब्ल्यू–६० हे कितीतरी जाड तेल सांगितले होते. बेअरिंगची रुंदी, फट, तेलपंपाची क्षमता आणि तेल किती तापणार हे पाहून रचनाकार तेल ठरवतो. ०डब्ल्यू–२० साठी घडवलेल्या इंजिनात ६० चे तेल घातले, तर शक्ती आणि इंधन वाया जाईल. उलट केले, तर भर वेगात तेलाचा थर तुटून बेअरिंग कायमचे जाईल. आपल्याकडचा उन्हाळा कडक म्हणून परस्पर जाड तेल घालणेही चूक, कारण चालू इंजिनातील तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम, साधारण १०० अंशांच्या आसपास असते. शर्यतीच्या मैदानावर सतत गाडी पळवणाऱ्याचा प्रश्न वेगळा. तिथे तेल आणखी तापते. त्यासाठी काय घालावे, हेही गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे.

वर्गात हे सहज दाखवता येते. दोन उंच मोजपात्रांत एरंडेल आणि शेंगदाणा तेल घ्या. त्यांत एकाच मापाच्या, भोक नसलेल्या काचेच्या बारीक गोळ्या सोडा आणि तळाशी पोचायला लागणारा वेळ मोजा. मग दोन्ही पात्रे गरम पाण्यात ठेवून, तेल साठ अंशांच्या आसपास आल्यावर पुन्हा मोजा. तेल थेट ज्योतीवर तापवू नका. थंड आणि गरम वेळांचे गुणोत्तर काढले की दिसेल, एरंडेलाची श्यानता शेंगदाणा तेलापेक्षा बरीच जास्त पटींनी घसरते. थंडपणी जाड असलेले तेल गरम झाल्यावर तितकेच जाड राहत नाही. हातावर तेल चोळून ‘चांगले जाड आहे’ म्हणणाऱ्याला विद्यार्थ्यांनी हे गुणोत्तर जरूर दाखवावे.