हुकूम कुठवर पोचतो

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी आम्हा मुख्याध्यापकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्याच सत्रात एक छापील कागद हाती आला : ‘तुमचं नेतृत्व तुम्हीच तपासा.’ प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे. मी दुसऱ्यांचं ऐकून घेते का, काम वाटून देते का, चूक कबूल करते का. मी भराभर चारवर खुणा करत गेले. दोन ठिकाणी तीन केले, ते नम्रता म्हणून. शेजारच्या बाईंच्या कागदावरही तेच. चहाच्या वेळी आम्ही खूप हसलो, कारण अख्खं सभागृहच चाराचं निघालं होतं.

घरी आल्यावर सासूबाई आठवल्या. त्या रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायच्या. तिथं आकडे नव्हते. दिवसभरात कुठं चुकलं, कोणाला दुखावलं, एवढाच हिशेब. पण खरं सांगायचं तर तो हिशेबही त्या एकट्याच मांडायच्या. ‘तुला काही लागलं का ग?’ असं सुनेला कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

बडोद्यात राहून या विषयाचा विचार करायचा तर सयाजीराव महाराजांपाशी थांबावंच लागतं. आमच्या गावात पाट्या, पुतळे, बागा, वाचनालयं, जिकडे बघावं तिकडे महाराज. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना आम्हा बडोदेकरांचा आवाज आपोआप चढतो. माझाही चढतो, हे आधीच सांगून टाकते.

नाशिककडच्या कवळाण्यातला शेतकऱ्याचा हा मुलगा, गोपाळराव. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि अक्षरओळखही नव्हती. म्हणजे ज्या वयात आमच्याकडची मुलं सहावी-सातवीत असतात, त्या वयात हा मुलगा पाटी घेऊन बसला, आणि समोर वाट बघत होतं चार प्रांतांत विखुरलेलं राज्य.

त्याला घडवणाऱ्यांत इलियट साहेब होते, तसे दिवाण सर टी. माधवरावही होते. माधवरावांचं घराणं तंजावरकडचं मराठी. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून ते बडोद्याला आलेले. महाराष्ट्राबाहेरच्या आम्हा मराठी माणसांना या गृहस्थांचा पत्ता आपल्याच गल्लीतला वाटतो. १८८१ च्या अखेरीस महाराजांच्या हाती कारभार जायचा होता. त्याआधी माधवरावांनी त्यांना व्याख्यानं दिली आणि ती ‘मायनर हिंट्स’ या नावानं छापलीही. नावात गंमत आहे : किरकोळ सूचना, आणि अज्ञान राजाला दिलेल्या सूचनाही. त्यात प्रकृती कशी सांभाळावी, वाड्यावरचा खर्च कसा आवरावा, माणसं कशी पारखावीत, तोंडपुज्यांना कसं ओळखावं, इंग्रज सरकारशी कसं वागावं, असं सगळं आहे. अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगणारा माणूस जवळ असणं हे भाग्यच. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा मला फक्त किल्ल्यांचा जुडगा मिळाला होता.

२८ डिसेंबर १८८१ ला अधिकार मिळाल्यावर महाराज प्रांतोप्रांती दौऱ्यावर निघाले. काम इतकं अंगावर घेतलं की झोप उडाली, प्रकृती ढासळली, आणि १८८७ मध्ये युरोपला जावं लागलं. सगळं स्वतः बघायची ही हौस मला ओळखीची आहे. माझ्या शाळेत खडूंची खोकीसुद्धा मीच मोजायचे.

पण त्यांनी मला खरं चकित केलं ते अमरेलीच्या बाबतीत. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण त्यांच्या मनात होतं. राजाच तो. एक हुकूम काढून सगळ्या राज्यात लावता आलं असतं. तसं केलं नाही. १८९३ साली काठेवाडातल्या अमरेली तालुक्यात, राजधानीपासून दूर, मोजक्या गावांत आधी करून बघितलं. तिथून हळूहळू वाढवत नेलं आणि तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, सबंध राज्यासाठी कायदा केला. पेरणीच्या दिवसांत मुलगा शाळेत बसला तर गुरं कोण राखणार, मुलीला घरातून सोडणार का, दंड बसवला तर तो गरिबालाच बसेल का, हे प्रश्न कचेरीत बसून सुटणारे नव्हतेच. आपली कल्पना चांगली आहे म्हणजे ती चालेलच, असं हा माणूस धरून चालला नाही. मी तरी आयुष्यात एकही परिपत्रक ‘आधी एका वर्गात करून बघू’ म्हणून काढलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती टाळली तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

अंत्यजांच्या मुलांसाठी महाराजांनी शाळा काढल्या, पण तिथं शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षकांवर भागवावं लागलं, पुढे १९०८ मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना आणावं लागलं. हुकूम वरून निघतो आणि मधल्या पायऱ्यांवर अडतो, हे तेव्हाच दिसत होतं.

१९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. शिकून आल्यावर दहा वर्षं राज्याची नोकरी करायची, असा करार. १९१७ च्या सप्टेंबरात ते कराराप्रमाणे बडोद्यात आले. त्यांना घ्यायला स्टेशनवर माणूस जावा असा महाराजांचा हुकूम होता, आणि कोणीही गेलं नाही, असं धनंजय कीरांनी लिहिलं आहे. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे, प्यायला पाणी मिळत नव्हतं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर लोक काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. ते दोन स्नेह्यांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू स्नेही म्हणाला, तू घरात आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्यानं बायकोचं कारण पुढे केलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसानं कमाटीबागेत बसून काढला.

कमाटीबाग महाराजांनीच लोकांसाठी केलेली. आज तिला सयाजीबाग म्हणतात.

महाराज मनानं खोटे होते का? अजिबात नाही. शिष्यवृत्ती खरी होती, नोकरी खरी होती. आणि स्टेशनवर कोणी आलं नाही, हेही खरं. यातल्या एकानं दुसरं पुसलं जात नाही. त्या छापील कागदावर महाराजांनी खुणा करायच्या असत्या तर काय केलं असतं, कोण जाणे. पण मला वाटतं, खुणा करायला कागद त्या शिपायाकडे द्यायला हवा होता, किंवा बागेत बसलेल्या माणसाकडे.

हे मला इतिहासातून सुचलं म्हणाले तर ते सोंग होईल. सुचलं ते बँकेत.

मी शाळेत असताना एक परिपत्रक काढलं होतं : फी राहिलेल्या मुलांची नावं वर्गात वाचू नयेत, उभं करू नये, पालकांना चिठ्ठी द्यावी. त्याचा मला फार अभिमान होता. शिक्षकांच्या खोलीत ते काचेत लावलं होतं. निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी पासबुक भरायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं ओळखलं. जुनी विद्यार्थिनी. इकडचं तिकडचं बोलताना मीच म्हटलं, आपल्या शाळेत फीवरून कधी कोणाला उभं केलं नाही, बरं का. ती हसली. म्हणाली, ‘बाई, दर महिन्याच्या दहा तारखेला उभं करायचे. मी तर चौथी ते सातवी उभी होते. तुम्ही वरच्या मजल्यावर असायच्या ना.’

मी कोणत्या शिक्षकांचं नाव विचारणार होते. ती म्हणाली, ‘जाऊ द्या ना बाई आता.’

घरी येऊन शिबिराचा तो कागद शोधला. तेरावा प्रश्न : माझ्या सूचना प्रत्यक्षात पाळल्या जातात याची मी खात्री करून घेते. पुढे माझ्याच हातची, निळ्या शाईतली, चारवरची खूण.

त्या वर्षीच्या संवत्सरीला नात्यागोत्यात सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणून झालं. फोनवर, दारात, जिन्यात. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. माझ्या मागं रांग होती. काचेच्या खिडकीतून वाकून तिला तेच म्हटलं. तिला नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, ‘बाई, पासबुक आणलंय का?’