कुलचिन्हे (गोमंतकातील)
घराणे, राजसत्ता वा नगर यांची ओळख पटविणारी, ढालीवर ठराविक नियमांनी रेखाटलेली वंशपरंपरागत आकृती म्हणजे कुलचिन्ह. चिलखताने चेहरा झाकलेला योद्धा ओळखू यावा, या गरजेतून बाराव्या शतकात यूरोपात ही पद्धत रूढ झाली. भारतीय राजघराण्यांत हेच कार्य लांछन (मुद्रेवरील चिन्ह), ध्वज आणि बिरुद यांनी होई.

गोव्याच्या कदंबांचे लांछन सिंह, तर ध्वजावर वानर असे. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर पुढचा पंजा उचललेला सिंह असून, मागील बाजूच्या नागरी लेखात राजा स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने अनुगृहीत म्हणवितो. म्हणजे चिन्ह कुळाचे आणि ग्वाही दैवताची, अशी ही अर्थपूर्ण जोडणी आहे. या दैवताचे मंदिर डिचोली तालुक्यात नार्वे येथे असून त्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव मंदिरातील एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडविणारा हत्ती कोरलेला आहे. त्यालाही कदंबांचे चिन्ह मानतात.

पोर्तुगीजांनी 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, गोवा शहर घेतले, म्हणून तिच्या छळाचे चक्र पुढे गोव्याच्या चिन्हात आले. त्यांच्या राजचिन्हात पाच लहान ढाली, प्रत्येकीवर पाच ठिपके आणि भोवती किल्ले असतात. डिचोली व पेडणे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीसच या राजचिन्हाखाली आले.